खालच्या कप्प्याची चेंज नोट

२ डिसेंबर, सोमवार

आज रुजू झाले. सकाळी नायगावहून निघताना आईने हातावर दही ठेवलं आणि बाबांनी पुन्हा एकदा विचारलं की नोकरी नक्की कसली. चाकणला सहा वर्षं काढली तरी माझं काम बाबांना सांगता आलेलं नाही. या वेळी सोपं करून सांगितलं. घर बांधताना नकाशात खिडकी पूर्वेला असते आणि गवंडी ती उत्तरेला काढून मोकळा होतो. मग कोणी तरी विचारायचं असतं, का काढली, कोणाला विचारून काढली, आणि आता भिंत पडणार तर नाही ना. ती विचारणारी बाई म्हणजे मी. बाबा म्हणाले, म्हणजे भांडणाची नोकरी. बरोबर ओळखलं.

कारखाना रेणापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडा आत. चारी बाजूंना तूर, हरभरा आणि ज्वारी. सोयाबीनचं तेल काढायचं आणि उरलेली पेंड वाफेवर भाजून विकायची. भाजण्याचं यंत्र म्हणजे टोस्टर. उभा, गोल, तिमजली घराएवढा लोखंडी डबा, आणि आत जेवणाच्या डब्यासारखे एकावर एक कप्पे. प्रत्येक कप्प्यात पेंड ढवळणारा एक लोखंडी हात फिरतो. प्रत्येक कप्प्याला माणूस वाकून आत शिरेल असं एक दार आहे आणि दाराशेजारी कोपरापर्यंत हात जाईल एवढं एक भोक, त्याला सगळे हॅन्डहोल म्हणतात. मला यंत्रं आवडतात. माणसांसारखी ती तोंडावर एक आणि मागे एक बोलत नाहीत.

प्रोजेक्ट मॅनेजर व्यंकटराव लातूरचेच. गोरे, गोलमटोल, दर वाक्यात एकदा मॅडम म्हणतात. राहायची खोली ऑफिसच्या मागेच आहे आणि जेवणाची सोय अंबिकाकडे. ती हिमायतनगरची, साइटवर मेस चालवते, सातवा महिना आहे तरी भाकरी थापताना हात दिसत नाही. तिचा नवरा किशन इथे वेल्डर. बारीक अंगाचा, म्हणून आत शिरायची सगळी कामं त्याच्याच वाट्याला. पहिल्याच जेवणात दोन भाकरी जास्त गेल्या. इथे बरं वाटेल मला.

५ डिसेंबर, गुरुवार

माझा नियम मी मीटिंगमध्ये सांगितला. यंत्रात कसलाही बदल करायचा असेल तर आधी चेंज नोट, म्हणजे काय आणि का बदलायचं त्याचा कागद, मग मी जागेवर जाऊन बघणार, मग सही, मग काम. सगळ्यांनी माना डोलावल्या. बैल पण डोलावतात.

फोरमन रेवणप्पा निलंग्याच्या पलीकडचा, मला अक्का म्हणतो. मीटिंगनंतर त्याने चहा पाजून मला शहाणं करायचा प्रयत्न केला. म्हणाला, अक्का, इथं आधी काम होतंय, कागद मागून येतोय. पाईप आडवा आला की आम्ही वाकडा करून राहिलो, तुम्ही डॉईंग वाकडं करा, झालं. मी म्हटलं, असं कसं. तो म्हणाला, असंच हाय.

दुपारी हिंडून बघितलं तर खरंच तसंच आहे. दोन ठिकाणी पाईप जागा सोडून गेलेत, एक शिडी उलट्या बाजूला लागलीय. मी लाल पेनने ड्रॉइंग सुधारून आणलं. भांडायचं ठरवलं होतं, पण काम नीट झालेलं होतं आणि उन्हात उभं राहून नीट झालेल्या कामाशी भांडणं जमत नाही. किशनने त्याच्या वेल्डिंगवरून हात फिरवून दाखवला. म्हणाला, बघा ताई, शिवणीवर नख अडत न्हाई. खरंच अडत नव्हतं.

९ डिसेंबर, सोमवार

टोस्टरची पहिली चाचणी फसली. मोटार सुरू केली की सगळ्यात खालचा कप्पा थरथरतो आणि आतून दळल्यासारखा आवाज येतो. कारखान्याचे मालक शेठ स्वतः आले होते. ते ओरडले नाहीत, नुसते व्यंकटरावांकडे बघत राहिले, आणि व्यंकटरावांचा चेहरा पाण्यात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा झाला. उद्घाटन सव्वीस तारखेला ठरलंय.

संध्याकाळी निष्कर्ष निघाला की खालच्या कप्प्याच्या दारामुळे पत्रा कमजोर पडतोय. दार बुजवायचं, तिथे जाड पत्रा कायमचा वेल्ड करायचा, आतून आधाराच्या पट्ट्या मारायच्या. मला हे पटलं. मग त्या कप्प्यात माणूस कसा जाणार, असं मी विचारलं. व्यंकटराव म्हणाले, जायचं कशाला मॅडम, हॅन्डहोल आहे की.

११ डिसेंबर, बुधवार

आज शेजारच्या शेतात हुरडा होता. आम्ही ऑफिसमधले सगळेच गेलो होतो. मी हुरडा खाताना व्यंकटरावांचा लातूरहून फोन आला, दार बुजवून झालंय, चेंज नोट करून टाका, उद्या सकाळी तपासनीस येतोय. मी विचारलं, झालंय ना नक्की? झालंय मॅडम. तिथून टोस्टर दिसत होता, पाच मिनिटांचीही वाट नव्हती. पण हात काळे झाले होते, शेंगदाण्याची चटणी समोर होती, आणि झालेलं काम बघून येऊन मी काय वेगळं लिहिणार होते. मोबाईलवरच सही करून पाठवून दिली.

१२ डिसेंबर, गुरुवार

हे नीट लिहायला हवं.

दार काल बुजलेलं नव्हतं. व्यंकटरावांनी मला सांगितलं की काम झालंय, आणि रेवणप्पाला सांगितलं की मॅडमची सही झालीय, लावा पत्रा. एकाचा हवाला दुसऱ्याला देऊन त्यांनी काम पुढे रेटलं. रेवणप्पा धरून चालला की सही आहे म्हणजे अक्का आत बघून गेली. मी धरून चालले की काम झालंय म्हणजे आत कोणी नाही. पहाटे पत्रा लागला. तेव्हा किशन आत होता. डबल पाळी करून, कानात बोळे घालून, पट्ट्या मारून झाल्यावर तिथेच त्याचा डोळा लागला होता.

दहा वाजता तपासनीस आणि शेठ यांच्यासमोर मोटार सुरू केली. खालचा कप्पा थरथरला नाही. आवाज नाही. लोखंडी हात तासभर फिरला, पाण्यात वल्हं फिरावं तसा. शेठनी व्यंकटरावांच्या पाठीवर थाप मारली, तपासनीसाने शिक्का मारला, नारळ फुटला. सगळे निघून गेल्यावर आतून कोणी तरी ठोकलं.

अंबिका धावत आली. हॅन्डहोलचं झाकण काढलं तर किशनचा आवाज, अगदी शांत. मी हाय. त्याला विचारलं, तो हात तुला लागला नाही? अख्खा कप्पा झाडत जातो तो, माणूस वाचायला जागाच नाही. म्हणाला, न्हाई लागला ताई, मला काहीच कळलं न्हाई.

मी रेवणप्पाला म्हटलं, गॅस कटर आण आणि काप. व्यंकटराव म्हणाले, शिक्का बसलेलं यंत्र चेंज नोटशिवाय कापता येत नाही. मी त्यांच्या तोंडावर सांगितलं की नोट गेली खड्ड्यात. रेवणप्पाने ज्योत पेटवली आणि पत्र्याला लावली.

किशन ओरडला. पण खालून नाही. वरच्या कप्प्यातून, वाफेच्या पाईपातून, शिडीच्या दांड्यातून, सगळ्या टोस्टरमधून तो एकदम ओरडला. रेवणप्पाच्या हातून कटर पडला. पत्र्यावर बोटभर भाजल्याची खूण होती. लोखंड भाजल्यावर निळं पडतं. हे लाल होतं, आणि त्याला फोड आला होता.

१४ डिसेंबर, शनिवार

पोलिसांना फोन लावून ठेवून दिला. ते येतील आणि कापा म्हणतील. कापायचं कसं हे त्यांना कुठे माहीत आहे. दुसऱ्या बाजूने करवत लावून बघितली, तेव्हाही तेच झालं. अंबिकाने रेवणप्पाचे पाय धरले, नका कापू म्हणून.

मी चेंज नोट केली आहे. खालच्या कप्प्यात माणूस आहे, कापता येत नाही, दुसरा मार्ग सुचवा. पुण्याच्या डिझाइन ऑफिसला पाठवली. सही न बघता केली ती मी, हेही लिहिलं. ते लिहिताना मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

अंबिका हॅन्डहोलमधून भाकरी देते. किशन तिला हात आत घालू देत नाही. उलथन्यावर ठेवून दे म्हणतो.

१७ डिसेंबर, मंगळवार

डिझाइन ऑफिसचं उत्तर आलं. आतील व्यक्ती उपकरणाचा भाग आहे का? असल्यास ड्रॉइंगमध्ये दाखवा. नसल्यास चाचणी कशी पास झाली ते कळवा.

मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा संताप आला. दुसऱ्यांदा वाटलं, प्रश्न बरोबर आहे.

चाचण्या रोज चालू आहेत. मी पहिल्या दिवशी मोटारीसमोर आडवी उभी राहिले तर किशननेच आतून सांगितलं, चालू द्या ताई, मला चालू असलं की बरं वाटतंय. हात फिरत असतो आणि तो त्यातून बोलत असतो. आता रेवणप्पा त्यालाच विचारतो, वाफ कुठे गळतेय, कुठला बोल्ट ढिला आहे. तो बरोबर सांगतो. साइटवर सगळ्यांना याची सवय झाली. काल एक जण हॅन्डहोलशेजारी टेकून तंबाखू मळत होता. मलाही सवय झालीय, हे मला कळतं, आणि कळूनही काही होत नाही. जेवते, झोपते.

भाकरी तो खात नाही. भूकच न्हाई म्हणतो. अंबिका तरी देते.

२० डिसेंबर, शुक्रवार

सव्वीसला पूर्ण वाफ सोडणार, पेंड भरणार. त्याआधी पंचवीसला हॅन्डहोलही कायमचं बुजवायचं, म्हणजे थरथर परत येणार नाही. मग किशन कायमचा आत. आणखी पाच दिवस.

मी किशनला विचारलं, घाबरलास का. तो म्हणाला, आधी घाबरलो होतो. आता आठवत न्हाई घाबरायचं कसं.

२२ डिसेंबर, रविवार

चहाच्या वेळी व्यंकटराव सहज बोलल्यासारखे बोलले. नियमातच एक वाट आहे म्हणाले. एखादा भाग काढून तंतोतंत तसाच दुसरा बसवला तर त्याला चेंज नोट लागत नाही. बेअरिंगच्या जागी बेअरिंग. तो बदल नसतोच. मला हा नियम पाठ आहे. मीच तो नव्या पोरांना शिकवत आले.

अंबिका चहा देत होती. तिने किटली खाली ठेवली आणि म्हणाली, त्यांच्या जागी मी जाते. व्यंकटराव मान हलवून म्हणाले, नाही बाई, तुम्ही दोन जीव आहात, एकाच्या जागी दोन चालत नाहीत. त्यांचा आवाज वाईट नव्हता. हिशेब चुकलेल्या माणसाला सांगावं तसा होता.

मग सगळ्यांनी चहा प्यायला. माझ्याकडे कोणीही पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

आज किशनला अंबिका आलीय म्हटलं तर तो म्हणाला, कोण.

ती तिथेच उभी होती, उलथनं हातात धरून. रडली नाही. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि भाकरी परत घेऊन गेली. पोटावर एक हात ठेवून, हळूहळू, केबलवरून पाय जपून टाकत.

त्या दिवशी सही मी केली. ते पाच मिनिटांचं अंतर मी चालून गेले नाही. दुसरं कोणी का जावं, याचं उत्तर मला सुचत नाही. भीती वाटायला हवी. आईला फोन केला, तिने विचारलं जेवलीस का, जेवले म्हटलं.

२५, सकाळ

हॅन्डहोलशी गेले. एकटीच. किशनला म्हटलं, हात दे. तो म्हणाला, नका ताई, हात काढा. मी काढला नाही. त्याची बोटं लागली, कोमट. कोपरापर्यंत जातो हात, एवढंच भोक आहे. मग खांदा गेला. दुखलं नाही. मग मी विचार केला की डोकं कसं जाणार, आणि —

२५

आत आहे. डायरी जॅकेटच्या खिशात होती, पेन होतं. हॅन्डहोलमधून उजेड येतो, थाळीएवढा, त्यात लिहिते.

किशन बाहेर आहे. त्याला उलट्या झाल्या, मग पाणी मागितलं, मग अंबिकाचं नाव घेतलं. तीनदा. मी ऐकलं. ती रडली. इतक्या दिवसांनी, मोठ्याने.

बरं झालं. बरं वाटतंय बहुतेक —

मोटार चालू केली त्यांनी. हात येतो आणि जातो. मला लागत नाही. मी कुठे संपते आणि पत्रा कुठे सुरू होतो ते —

शिडीवर कोणी तरी चढतंय. पायांचं वजन मला पाठीवर कळतंय.

२५, दुपार असावी

अंबिका आली. हातात भाकरी. या वेळी उलथनं नव्हतं. ताई, घ्या, म्हणाली, आणि हात आत घातला, बांगड्यांसकट.

माझ्या हाताने तिचं मनगट धरलं. मी नाही धरलं. माझ्या हाताने. ओढत होता तो. तिचं कोपर आत आलं. मी दुसऱ्या हाताने एकेक बोट सोडवलं, ती किंचाळत होती, पोट पत्र्यावर दाबलं गेलं होतं —

सोडवलं. गेली ती.

किशन का हात घालू देत नव्हता ते कळलं. इतके दिवस त्याने स्वतःला आवरलं. मला एक दिवसही आवरता येईना.

ती परत येईल. मला माहीत आहे ती कशी आहे, संध्याकाळी पुन्हा भाकरी आणेल. आणि पुढच्या वेळी मी —

२५

रेवणप्पाला हाक मारून सांगितलं, हॅन्डहोल आत्ताच बुजव. संध्याकाळपर्यंत थांबू नको, आत्ता. तो खाली बघत म्हणाला, अक्का, शेठनी सांगितलंय, तुमच्या सहीशिवाय पत्रा लावायचा न्हाई. चेंज नोट लागंल.

आण म्हटलं.

उलथन्यावर ठेवून कागद आत दिला. एक रकाना आहे, प्रत्यक्ष जागेवर पाहून खात्री केली का. सगळीकडे बघितलं. होय लिहिलं. सही केली, तारीख घातली. कागद परत दिला. त्याने तो कपाळाला लावला आणि घडी घालून खिशात ठेवला. रडत होता की घाम होता —

वेल्डिंगला किशन आलाय. दुसऱ्या कोणाचा हात एवढा सरळ चालत नाही. त्याने आत बघितलं नाही. बरोबर आहे.

पत्रा लागला. कडेने ठिणग्या. उजेड अर्धा झाला.

अंबिका वाचली. पोर वाचलं. हे पुन्हा पुन्हा लिहिते म्हणजे —

उजेड चंद्रकोरीएवढा.

काही वाटत नाही. इतके दिवस काहीच वाटलं नाही, आणि आता एकदम, छातीत, हे काय — ही भीती आहे. हीच ती. सगळी आत्ता येतेय. किशन, थांब. रेवणप्पा, कागद दे इकडे, थांबव त्याला, ती सही मी परत घे